ताराबाई मोडक : बालवाडी आणि स्वच्छतेचा पाठ

अंगणवाडी हा शब्द आज भारतातील बहुतेक सर्व भाषांत वावरतो. हिंदीत त्याचे रूप आंगनबाडी असे झाले. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या भाषांनी तो आपापल्या उच्चारपद्धतीप्रमाणे स्वीकारला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, त्या योजनेच्या केंद्रांना हे नाव मिळाले आणि एका शब्दाचा देशभर संचार झाला. परंतु योजनेच्या जन्मापूर्वी हा शब्द बरीच वर्षे जुन्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी या गावी रूढ होता. ताराबाई मोडक यांच्या ग्रामीण बालशिक्षणाच्या प्रयोगातून तो घडला होता. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्याचा आशय कितपत सोबत जातो, हा भाषाभ्यासकांचा नेहमीचा प्रश्न आहे. या शब्दाच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण बोर्डीच्या अंगणवाडीत अक्षरांच्या आधी पाणी होते, पाटीच्या आधी फणी होती, आणि मुलाच्या अंगावरचा मळ काढणे हे शाळेचे कामच आहे असे गृहीत धरलेले होते. हा विचार ताराबाईंकडे एका दिवसात आला नाही. तो कसा आला हे त्यांच्या चरित्राच्या ओघातच पाहावे लागते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावान कार्यकर्ते होते. समाजसुधारणेची चर्चा त्या घरात पाहुण्यासारखी येत नसे. ती घरातच राहत असे. मुलीने शिकावे, याबद्दल त्या वातावरणात दुमत नव्हते. ताराबाईंनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, तेव्हा पदवीधर मराठी स्त्रियांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. १९१५ च्या सुमारास त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. हा संसार फार काळ टिकला नाही. लहान मुलीला घेऊन ताराबाई स्वतंत्र झाल्या आणि राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून काम करू लागल्या. हे पद मानाचे होते आणि वेतनही चांगले होते. राजकोटला त्या गुजराती भाषेशी समरस झाल्या आणि पुढे त्या भाषेत सहजपणे लिहू लागल्या. त्यांच्या आयुष्यातील पुढील सारे कार्य या दोन भाषांच्या आधारावर उभे राहिले.

१९२३ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करण्यास त्या गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई तेथे आल्या आणि या कार्यास अध्यापनशास्त्र जाणणारी, दोन भाषांत लिहू शकणारी सहकारी मिळाली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची शिक्षण पत्रिका प्रथम गुजरातीत व पुढे मराठी आणि हिंदी या भाषांतही निघू लागली. मराठी पत्रिकेचे संपादन ताराबाईंनी केले. एकाच शैक्षणिक विचाराने तीन भारतीय भाषांत आपले नियतकालिक चालवावे, ही त्या काळात असाधारण गोष्ट होती. बालशिक्षणाची परिभाषा या तीन भाषांत जवळजवळ एकाच वेळी घडत गेली, याचे बरेचसे श्रेय या पत्रिकेला द्यावे लागते.

माँटेसरी पद्धतीत स्वच्छतेला जे स्थान आहे, त्याची पार्श्वभूमी येथे ध्यानात घेतली पाहिजे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत माँटेसरींचे पहिले बालगृह उघडले. वस्तीतील पडक्या इमारती दुरुस्त करून त्या श्रमिक कुटुंबांना भाड्याने देण्याचा उपक्रम एका संस्थेने हाती घेतला होता, आणि बालगृह हा त्या उपक्रमाचाच भाग होता. मूल शाळेत आले की त्याचे हात, नखे, मान, कान, दात आणि केस पाहिले जात. लहान मुलाच्या उंचीला साजेलशी बुटकी हात धुण्याची जागा, साबण, नखे घासण्याचा ब्रश अशी साधने मांडलेली असत, आणि स्वतःला स्वच्छ करण्याची कृती हाच मुलाचा पहिला उद्योग मानला जाई. मात्र त्या बालगृहाच्या नियमावलीत आणखी एक कलम होते. जी मुले अस्वच्छ अंगाने किंवा मळक्या कपड्यांत येतील, त्यांना बालगृहातून काढून टाकण्यात येईल, असे ते कलम सांगत होते. मूल स्वच्छ पाठविणे ही आईची जबाबदारी ठरविलेली होती. एकीकडे स्वच्छता हे शिक्षण आणि दुसरीकडे स्वच्छता ही प्रवेशाची अट, अशा दोन्ही गोष्टी त्या एकाच व्यवस्थेत शेजारी शेजारी नांदत होत्या.

भावनगरच्या बालमंदिरात या दोन गोष्टींतील विरोध फारसा जाणवण्याचे कारण नव्हते. तेथे येणारी मुले बहुतांशी सुस्थितीतील घरांची होती. घरी पाणी भरणारे कोणी होते, आंघोळ घालणारी आई होती. अशा मुलाला शिकवायचे होते ते स्वावलंबन. आपले हात आपण धुणे, आरशात पाहून केस विंचरणे, जागा झाडणे, पाणी न सांडता पेला भरणे, यांतून इंद्रिये आणि स्नायू यांचे शिक्षण होते आणि आईवरचे अवलंबन सुटते, हे सूत्र होते. प्राथमिक शाळेची स्थिती मात्र वेगळी होती, आणि तिची जाणीव गिजुभाईंना होती. त्यांच्या दिवास्वप्न या पुस्तकातील शिक्षक गोष्टी व खेळ यांनी आरंभ करतो आणि लौकरच मुलांच्या वाढलेल्या नखांकडे, मळलेल्या टोप्यांकडे, अस्वच्छ कपड्यांकडे वळतो. गुजराती गद्यातील या छोट्या कृतीत शाळेची स्वच्छता हा कथेचा विषय झाला, ही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईस परतल्या. दादर येथे शिशुविहार ही संस्था आकारास आली आणि तिच्या जोडीने बालशिक्षिका घडविणारे अध्यापन मंदिर मराठी व गुजराती या दोन्ही माध्यमांतून चालू झाले. मुंबईतील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत बालशिक्षणाचा विचार रुजला तो मुख्यतः येथून. परंतु महानगराने दुसरीही बाजू दाखविली. गिरणगावच्या चाळींत एका मजल्यावरील अनेक बिऱ्हाडांना मिळून काही नळ आणि काही संडास असत. अशा चाळीतले मूल मळके दिसले, तर दोष आईच्या आळसाचा नव्हे, नळावरच्या रांगेचा असतो. स्वच्छता हा केवळ सवयीचा प्रश्न नाही, त्याला साधनांची बाजू आहे, हा विचार पुढे ताराबाईंच्या ग्रामीण कार्यात स्पष्टपणे प्रकट झाला.

गिजुभाई २३ जून १९३९ रोजी निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरी भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी प्रशिक्षणवर्ग घेतले. देशातील शिक्षित वर्गात या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला. पण तिची साधने महाग होती. दंडगोल, घनाकृती आणि रंगांच्या पट्ट्या यांनी भरलेली कपाटे खेड्यातील शाळेला परवडणारी नव्हती, आणि भारतातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची व्याप्ती जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या जीवनाइतकी विस्तारली. त्यामुळे सात वर्षांखालील मुलांचे शिक्षण हाही राष्ट्रीय कार्यक्रमाचा विषय झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी त्यांनी वयाची त्रेपन्न वर्षे ओलांडली होती. दोन भाषांत लौकिक मिळालेला होता आणि महानगरात नावारूपास आलेली संस्था हाताशी होती. ते सर्व मागे ठेवून त्या एका किनाऱ्यावरच्या गावी गेल्या.

बोर्डीची निवड अनेक अंगांनी उचित होती. आचार्य शं. रा. भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे गावाला शाळेची परंपरा होती. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा तेथे घरोघरी चालत. चिकूच्या बागांचे मालक, मच्छीमार, दलित वस्तीतील कुटुंबे आणि आसपासच्या पाड्यांतील वारली आदिवासी अशी समाजाची सारी स्तररचना एका गावाच्या परिघात सामावलेली होती. येथे ताराबाईंना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी लाभली. अनुताई १९१० साली मोरगावी जन्मलेल्या, बालविधवा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या शिक्षिका होत्या. दोघींचे हे साहचर्य ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत टिकले.

केंद्राने गावात बालवाडी उघडली, तेव्हा सुस्थितीतील घरांची मुले आली. ज्यांच्यासाठी मुख्यतः हा खटाटोप होता, ती दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले मात्र येईनात. या अनुपस्थितीची कारणे शिक्षणाच्या अनास्थेत शोधण्याची रूढ पद्धत आहे. ताराबाईंनी ती वस्तीच्या जीवनक्रमात शोधली. आईबाप पहाटे मजुरीला जात, मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, आणि बालवाडीपर्यंत मुलांना आणून सोडणारे कोणी नसे. शिवाय अंगावर एकच वस्त्र, तेही धुतले तर वाळेपर्यंत दुसरे नाही. डोक्यात उवा, अंगाला खरूज, नाकाला शेंबूड, अशा अवस्थेतील मूल नीटनेटक्या मुलांच्या रांगेत बसविले की त्याला आपली लाज वाटू लागते. लाज ही शाळेच्या दारावरची न दिसणारी कडी आहे. रोमच्या बालगृहातील ते कलम येथे लावले असते, तर शाळा स्वच्छ राहिली असती आणि रिकामीही राहिली असती.

यावर ताराबाईंनी जो उपाय योजला, तो आज साधा वाटतो. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जात आणि एखाद्या घराच्या अंगणात बालवाडी भरवीत. तीच अंगणातील बालवाडी, अर्थात अंगणवाडी. तेथील कार्यक्रमाचा आरंभ मुलांच्या शरीरापासून होई. हातपाय धुणे, आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे ही कामे शिक्षिका स्वतःच्या हातांनी करीत. मग गाणे, गोष्ट, खेळ. साधनांसाठी शंख, शिंपले, बिया, पाने, माती, बांबू अशा परिसरातील वस्तू वापरल्या जात. माँटेसरींच्या कपाटातील इंद्रियशिक्षण असे किनाऱ्यावरच्या वाळूतून आणि रानातल्या बियांतून साधले गेले.

या क्रमातील पहिला भाग, म्हणजे आंघोळ आणि केस विंचरणे, हा बहुधा सेवाकार्य म्हणून वाखाणला जातो आणि नंतरचा भाग शिक्षण म्हणून. ताराबाईंच्या योजनेत असा भेद नव्हता, आणि याच ठिकाणी त्यांचे माँटेसरी परंपरेतील स्वतंत्र स्थान दिसते. घरी पाणी नसलेल्या मुलाला स्वच्छतेची सवय लावायची, तर आधी त्याला पाणी दिले पाहिजे, आणि ते पाणी शाळेच्या खर्चातले असले पाहिजे. फणी, साबण, हातपुसणे, पाण्याचा माठ आणि ओगराळे ही पाटीपुस्तकाइतकीच शैक्षणिक साधने होत. अस्वच्छता हा मुलाचा गुन्हा राहत नाही, ती शाळेपुढील कामाची यादी होते. याच विचाराला सामाजिक अर्थही होता. गावाने ज्यांना शिवण्यास नकार दिला, त्या घरांतील मुलांच्या केसांतून शिक्षिकेची बोटे फिरत होती. अस्पृश्यतेच्या विरुद्ध सभेत ठराव करणे त्या काळात कठीण राहिले नव्हते. परक्याच्या मुलाचे नाक पुसणे आणि त्याच्या उवा काढणे मात्र रोज उठून करावे लागे, आणि त्याला टाळ्या पडत नसत.

बालशाळेत शौचाचा प्रश्नही टाळता येत नाही. अडीच ते सहा वर्षांच्या मुलाला वेळेचे भान नसते, आणि सांगायचे शब्दही नसतात. शिक्षक रागावेल या भीतीने मूल कळ दाबून बसते, किंवा बसल्या जागी कपडे ओले करते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेचे नाव काढताच रडते. मोठ्या माणसांसाठी बांधलेला उंच आणि अंधारा संडास त्याला भीतीदायक वाटतो. म्हणून लहान मुलांच्या शाळेत ही जागा जवळची, उजेडाची आणि मुलाच्या मापाची असणे, शेजारी हात धुण्यास पाणी असणे, आणि मुलाने निःसंकोच सांगावे असा शिक्षिकेशी विश्वासाचा संबंध असणे आवश्यक ठरते. प्राथमिक शाळांच्या इमारतींचे नकाशे करताना हा भाग बहुधा शेवटी, आवाराच्या कोपऱ्यात ढकलला जातो. बालवाडीच्या दृष्टीने तो वर्गाचाच एक भाग आहे, कारण दिवसाकाठी मुलाचे जे शिक्षण होते, त्यातील बरेचसे तेथे होते.

ताराबाईंच्या शब्दनिर्मितीकडे या संदर्भात पाहणे उद्‌बोधक आहे. गिजुभाईंनी आपल्या शाळेला बालमंदिर म्हटले. बालक हे देवस्वरूप आहे ही भावना त्यामागे होती आणि ती उदात्त होती. तथापि मंदिर म्हटले की शुचिर्भूत होऊन आत जाण्याची कल्पना भारतीय मनात आपोआप येते; आणि मंदिराच्या पायरीशी कोणाला थांबविले गेले, हेही आठवते. ग्रामीण कार्यात ताराबाईंनी रूढ केलेला शब्द बालवाडी हा होता. वाडी म्हणजे कोकणात घरांचा पुंजका आणि फळझाडांची बागही. गुजरातीतही वाडी म्हणजे बाग. बोर्डीच्या परिसरात हा शब्द चिकूच्या बागांमुळे रोजच्या तोंडातला. बागेत शिरण्याआधी कोणी पाय धूत नाही. तेथे मातीत हात घालावे लागतात, आणि पाटाचे पाणी प्रत्येक आळ्यापर्यंत न्यावे लागते. मंदिराकडून वाडीकडे आणि वाडीतून अंगणाकडे झालेला हा शब्दांचा प्रवास त्यांच्या कार्याच्या दिशेशी जुळणारा आहे.

पुढे, १९५७ च्या सुमारास, केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली पाड्यांशी अधिक निकटचा संबंध आला. विकासवाडी या नावाने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र चालविण्याचा प्रयोग झाला, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगीही त्याला घेऊनच शाळेत येऊ शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अंगणात जाणारी शाळा आता कुरणावर गेली, तत्त्व मात्र तेच होते. मुलाचे जीवन जेथे चालले आहे तेथे शाळेने पोहोचावे आणि त्या जीवनात जे उणे आहे ते स्वतः पुरवावे. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे कार्य पुढे १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत चालविले.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी अंगणवाडी हे नाव राष्ट्रीय योजनेने उचलले. त्या योजनेत सहा सेवा नमूद केलेल्या होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, शालापूर्व शिक्षण, आणि पोषण व आरोग्य यांचे शिक्षण. या यादीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. लक्षावधी बालकांपर्यंत अन्न आणि लस तिच्यामुळेच गेली. परंतु पाण्याची सोय आणि मुलाच्या मापाची शौचाची जागा या बाबींना त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. अनेक अंगणवाड्या दीर्घकाळ भाड्याच्या अथवा उसन्या खोल्यांत, शाळेच्या ओसरीवर किंवा समाजमंदिरात भरत राहिल्या, आणि तेथे शिक्षिकेलाही जाण्यास जागा नसे. शब्द सर्व भाषांत पोहोचला, पण तो ज्या माठासह बोर्डीतून निघाला होता, तो माठ वाटेत मागे राहिला.

प्राथमिक शाळांबाबत कायद्याने पुढे दखल घेतली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलगे व मुली यांच्यासाठी स्वतंत्र शौचालये आणि सुरक्षित पिण्याचे पाणी यांचा शाळेच्या आवश्यक गोष्टींत समावेश झाला. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना या सोयी सहा महिन्यांत पुरविण्याचा आदेश दिला, आणि २०१४ मध्ये केंद्र शासनाने शाळांतील शौचालयांची मोहीम हाती घेतली. या उपायांमुळे शौचालये बांधली गेली. मात्र बांधलेल्या शौचालयात पाणी आहे काय, ते रोज कोण साफ करते, आणि ते काम कोणत्या जातीच्या मुलांवर सोपविले जाते, हे प्रश्न बांधकामाच्या मोजणीत येत नाहीत.

ताराबाईंच्या चरित्रात या प्रश्नांची उत्तरे तयार स्वरूपात सापडणार नाहीत. तेथे आढळते ती कामाची एक पद्धत. मूल मळके आले तर आधी त्याच्या घरी पाणी कोठून येते ते पाहावे. मूल आलेच नाही तर ते कोठे आहे तेथे जावे. आणि त्याला आंघोळ घालण्याचे काम दुसऱ्या कोणावर न सोपविता शिक्षिकेने स्वतः करावे. या पद्धतीचे वर्णन ताराबाईंनी मराठीत आणि गुजरातीत, सुबोध आणि निरलंकृत गद्यात, अनेक वर्षे केले. भारतीय भाषांतील बालशिक्षणविषयक लेखनाचा इतिहास जेव्हा सविस्तर लिहिला जाईल, तेव्हा त्यातील एक मोठे प्रकरण या गद्याला द्यावे लागेल, आणि त्या प्रकरणात अक्षरांच्या आधी पाणी, फणी आणि अंगण यांचा उल्लेख करावा लागेल.